पिंजऱ्यात सहा

“आजपासून नाग हा विषारी प्राणी राहिलेला नाही,” असं डॉ. घैसासांनी जाहीर केलं आणि टेबलावर मूठ आपटली.

हा निर्णय नागाला आधी कळवायला हवा होता. मूठ आपटली तशी टेबलावरच्या काचपेटीचं झाकण चार बोटं सरकलं. ते सावरायला मी उजवा हात पुढे केला आणि नागानं मला अंगठ्याच्या मुळाशी धरलं. लगेच सोडलंही. पण चावून झाल्यावर सोडलं, याला तसा काही अर्थ नसतो.

सभेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि तिच्या पाठोपाठ, मी शपथेवर सांगतो, आनंद आला.

“घाबरू नका, सबनीस,” ते म्हणाले. “तुम्ही भाग्यवान आहात.”

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. माणदेशाच्या वेशीवर एका माळरानावर आमची संस्था होती. अठरा घोडे, चाळीसेक साप आणि आम्ही अकरा माणसं. नागाचं विष काढून ते घोड्याला थोडं थोडं टोचायचं. घोडा ते पचवतो आणि त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. ते रक्त काढून, गाळून, शुद्ध करून त्याचं प्रतिविष बनवायचं आणि कुप्यांत भरून दवाखान्यांना पाठवायचं. डॉ. घैसास संचालक. ते रसायनशास्त्रातले डॉक्टर. माणसाची नाडी त्यांनी कधी धरली नव्हती, पण ही गोष्ट ते स्वतःच विसरत चालले होते. मी तपासनीस. प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी ती नागाचं विष किती मारते हे पाहायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच माझं काम.

तपासायची रीत सोपी होती. विष आणि प्रतिविष एका नळीत एकत्र करायचं, अर्धा तास कोमट ठेवायचं आणि मग पांढऱ्या उंदरांना टोचायचं. एका पिंजऱ्यात सहा उंदीर, प्रत्येकाच्या पाठीवर ओळखीचा पिवळा ठिपका. एका पिंजऱ्याला नुसतंच विष; तो तासाभरात माझ्या डोळ्यांदेखत आटपायचा. बाकीच्या पाच पिंजऱ्यांत विषाची मात्रा चढत जायची, आणि दोन दिवसांनी कुठल्या पिंजऱ्यात किती जगले ते मी मोजायचो. पाचव्या पिंजऱ्यात आम्ही मुद्दाम इतकं विष घालायचो की त्यातले चार-पाच जायलाच हवेत. ते गेले म्हणजे आमची मोजदाद ताळ्यावर आहे, असा त्याचा अर्थ.

एकेचाळिसाव्या बॅचमध्ये पाचव्या पिंजऱ्यातलेही सहाच्या सहा जगले. तिसांपैकी तीस.

असं मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. डॉ. घैसासांनीही पाहिलं नव्हतं, पण त्यांच्याकडे कारण तयार होतं. ही बॅच त्यांनी स्वतः शोधलेल्या नव्या पद्धतीनं गाळली होती. जुनं प्रतिविष कोऱ्या चहासारखं दिसायचं; हे पाण्यासारखं नितळ होतं. त्यांनी ट्रस्टच्या अध्यक्षांना बोलावलं, तालुक्याच्या पुढाऱ्यांना बोलावलं, दोन हजार कुप्यांची खोकी फाटकापाशी रचून ठेवली. सकाळी घोड्यांच्या गवतात सापडलेला एक नाग शोभेसाठी टेबलावर मांडला आणि झेंडूचा एक भरघोस हार माझ्या गळ्यात घातला.

तो हार गळ्यात तसाच ठेवून त्यांनी मला जीपमध्ये घातलं.

सरकारी दवाखाना पळसखेडला, चौदा किलोमीटरवर. पुढे डॉ. घैसास, मांडीवर बर्फाचा थर्मास आणि त्यात एकेचाळीसच्या दहा कुप्या. दहा पुष्कळ झाल्या, खरं तर आठच पुरे, दोन आपल्या शिष्टाचाराच्या, असं ते ड्रायव्हरला समजावत होते. मागे मी आडवा आणि माझा हात फळीला बांधून मांडीवर धरून बसलेल्या हौसाबाई.

हौसाबाई शेलार उंदरांच्या खोलीवर होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, कामाला वाघीण. आधी त्या पैदाशीच्या खोलीत होत्या, जिथे उंदीर वाढवतात. तपासणीच्या खोलीतला म्हातारा तुकाराम दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा त्यांना माझ्याकडे दिलं; त्यानंतर तपासलेली पहिलीच बॅच एकेचाळिसावी. त्या आल्यापासून खोली आरशासारखी झाली होती. मी सकाळी दहाला जायचो तोवर पिंजरे घासून, नवा भुसा घालून, पाण्याच्या बाटल्या भरून तयार. मी डॉक्टरांकडे त्यांची दोनदा तारीफ केली होती.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बरीच मंडळी बसली होती. हार घातलेला माणूस चौघांनी उचलून आणलेला पाहून त्यांनी आपापला अंदाज बांधला. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

डॉ. शमीम मुलाणी तिथल्या एकट्या डॉक्टर. तिशीच्या, किडकिडीत, आवाज मात्र एसटीच्या कंडक्टरचा. त्यांनी पहिल्यांदा माझा हार काढून नर्सकडे दिला आणि मग घड्याळ बघत प्रश्नांना सुरुवात केली. किती वाजता चावला, किती वेळ धरला, गिळता येतंय का, वर छताकडे बघा, माझ्या बोटाकडे बघा. बोटं किती दिसतात?

“दोन,” मी म्हणालो.

“मी एकच धरलंय,” त्या म्हणाल्या.

डॉ. घैसासांनी थर्मास उघडून एक कुपी उजेडात धरली आणि तिच्या नितळपणावर बोलायला सुरुवात केली. तीही मला दोन दिसत होती, आणि घैसासही दोन दिसत होते. एकाची सवय होती. दुसऱ्याची व्हायला वेळ लागला असता.

“सर, लेबल मी वाचलं,” मुलाणीबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. “पण तुमचा उंदीर वेगळा आणि माझा पेशंट वेगळा. तुम्ही नळीत विषाची नि औषधाची आधी गाठ घालून देता, मग ते पोटात जातं. माझ्याकडे विष आधी पोचतं आणि औषध त्याच्या मागून धावतं. दहा देऊ या. मग पापण्यांना विचारू.”

“अकरा पन्नासला पापण्या उघडतील,” डॉ. घैसास म्हणाले आणि घड्याळ काढून हातात धरून बसले.

दहा कुप्या सलाईनमधून गेल्या. अकरा पन्नास झाले. पापण्या तेवढ्यात आणखी दोन सूत खाली आल्या. मी भुवया ताणल्या, कपाळ ताणलं, शेवटी मान मागे टाकून फटीतून बघू लागलो. पाय स्वस्थ राहीनात. पंखा फिरत होता तो मोजत होतो, मध्येच मोजायचं सोडत होतो. माझा आवाज नाकातून यायला लागला होता आणि जीभ दुसऱ्या कुणाचीतरी तोंडात ठेवल्यासारखी वाटत होती. डॉ. घैसासांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग म्हणाले, बारा दहा.

ते आणि मुलाणीबाई औषधांच्या कपाटाशी बोलायला गेले तेव्हा हौसाबाई स्टूल ओढून जवळ आल्या. मला धीर द्यावा म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात केली.

“सायेब, भिऊ नगा. तुमचं औशीद लई गुणाचं हाय. त्ये उंदीर बी पैल्या दिशी असंच मलूल झालं व्हतं. डोळं मिटून बसलं व्हतं कोपऱ्यात.”

“मग?” मी विचारलं. त्या दिवसाचा माझा हा शेवटचा स्पष्ट शब्द.

“मग काय, मेलं की. सकाळच्याला येऊन बघती तर एका पिंजऱ्यात दोन ऱ्हायलं, एकात तीन. शेवटच्यात तर एक बी न्हाई. म्या लगोलग पल्याडनं नवं आणून भरून टाकलं.”

माझ्या पापण्या वर जाणं शक्य नव्हतं. नाहीतर गेल्या असत्या.

“पिंजऱ्यात सा पायजेत, मला ठावं न्हाई व्हय?” त्या समाधानानं सांगत होत्या. “पल्याडच्या खोलीत येक डाव येक कमी भरला तर मोठ्या सायबांनी मेमो दिला व्हता मला. अंगठा घेतला त्याच्यावर. तवापास्नं म्या सा ठिवते. कमी न्हाई, जास्त न्हाई. आन त्यो पिवळा ठिपका, त्याचा रंग तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्यापाशी. मग म्या घरनं हळद नेली. चिमूटभर पाण्यात कालवली की झालं. वळखू बी येत न्हाई.”

ओळखू आलं नव्हतं, हे खरं. त्या सकाळी ठिपके जरा उजळ दिसले होते आणि खोलीत फोडणीसारखा वास आला होता. मला भूक लागली होती म्हणून तसं वाटलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

म्हणजे माझ्या शिरेत गेलेल्या दहा कुप्यांत काय होतं, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. उद्या सकाळी तशाच दोन हजार कुप्या ट्रकमध्ये चढणार होत्या. त्या चांगल्या आहेत असं लिहून त्याखाली सही करणारा एकुलता एक माणूस खाटेवर पडला होता आणि त्याची जीभ हलत नव्हती.

मी डावा हात हवेत हलवायला लागलो. उजवा फळीला बांधलेला होता. नर्सनं ओळखलं आणि केसपेपरची मागची बाजू आणि पेन्सिल हातात दिली. डोळ्यांच्या फटीतून, डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत मी जे सगळ्यात महत्त्वाचं ते लिहिलं: “उंदीर”.

नर्सनं वाचलं आणि ताबडतोब खाटेखाली वाकून पाहिलं. दोन वॉर्डबॉय झाडू घेऊन आले. दवाखान्यात उंदीर होतेच, त्यामुळे त्यांना एक सापडलाही. तो व्हरांड्यातून पळाला आणि पायऱ्यांवरच्या मंडळींनी त्याला वाट दिली.

मग कागद डॉ. घैसासांकडे गेला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढून डोळे पुसले.

“बघा,” ते मुलाणीबाईंना म्हणाले, “या अवस्थेतसुद्धा त्यांना आपले तीस उंदीर आठवतायत. याला म्हणतात निष्ठा.”

मी कागद ओढून घेतला आणि त्याखाली लिहिलं: “हळद”.

डॉ. घैसास कष्टी झाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले की विज्ञानाच्या माणसानं असल्या गावठी उपायांकडे जाऊ नये. निदान बाहेरच्या माणसांसमोर तरी.

लाळ गिळता येईना. ती गालावरून ओघळत होती आणि छातीवर कुणीतरी गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं वाटत होतं. मी पेन्सिल टाकली, हौसाबाईंच्या लुगड्याचं टोक डाव्या मुठीत पकडलं आणि ते मुलाणीबाईंच्या दिशेनं ओढत राहिलो. हौसाबाई लाजल्या. मुलाणीबाईंनी मात्र आधी मुठीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग हौसाबाईंकडे.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “उंदरांचं आणि हळदीचं काय आहे?”

हौसाबाईंनी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मेमोसकट, काही न लपवता. त्यांना लपवण्यासारखं त्यात काही वाटतच नव्हतं. हळद घरची होती, संस्थेची नव्हे, हे त्यांनी दोनदा स्पष्ट केलं.

डॉ. घैसासांनी हातातलं घड्याळ खिशात ठेवलं.

मुलाणीबाईंनी काही विचारलं नाही की सुनावलं नाही. त्या सरळ फ्रीजकडे गेल्या आणि मागच्या कप्प्यातून एक खोकं घेऊन आल्या. आमच्याच संस्थेची अडतिसावी बॅच. गढूळ, तांबूस, कोऱ्या चहासारखी.

“या बॅचचे उंदीर कुणी मोजले होते?” त्यांनी मला विचारलं. “तुम्ही? आणि झाडलोट मोजून झाल्यावर?”

तुकाराम आळशी होता. मी मोजून बाहेर आल्याखेरीज तो खराट्याला हात लावत नसे. मी डावा अंगठा वर केला.

त्यांनी दहा फोडल्या. दुसऱ्या सुईतून निओस्टिग्मिन दिलं, लुळ्या पडलेल्या स्नायूंना जोर यावा म्हणून. मग माझ्या नाकातोंडावर मुखवटा बसवला, त्याला रबरी फुगा जोडला आणि हौसाबाईंना जवळ बोलावलं.

“मावशी, नसांना लागलेलं विष सुटायला वेळ लागतो. नवीन औषध पोचलंय, पण तोवर यांच्या वतीनं श्वास आपण घ्यायचा. हा फुगा दाबायचा, सोडायचा. मी दाखवते तसा. थांबायचं नाही. थांबलात तर हे थांबतील.”

“किती येळ?”

“पापणी उघडेपर्यंत.”

त्यानंतरचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. डोळे मिटलेले, हात जड, मान जड. पण कान आणि डोकं लख्ख. बाहेरून मी मेल्यासारखा दिसत असणार, कारण नर्स माझ्याविषयी माझ्यासमोर भूतकाळात बोलू लागली होती. आत मात्र मी येरझाऱ्या घालत होतो. अडतिसावी बॅच तरी खरी होती का? मी मोजले होते, पण नीट पाहिले होते का? त्या वेळी हार नव्हता, एवढं आठवत होतं.

फुगा फुस् करायचा, छाती वर यायची. हौसाबाई मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सा. आणि पुन्हा एक. सहाच्या पुढे त्या गेल्या नाहीत. दुपारभर त्यांनी मला सहा सहा श्वासांच्या पिंजऱ्यांत जगवलं.

मध्ये केव्हातरी त्यांचे हात भरून आले असावेत, कारण फुग्याची चाल बदलली आणि साबणाऐवजी अत्तराचा वास आला. डॉ. घैसास दाबत होते. ते मोजत नव्हते. दोनदा लांबलं, एकदा घाई झाली.

“सायेब,” हौसाबाईंचा दमलेला आवाज आला, “मोठ्यानं मोजा. सा पुरं करा.”

आणि मोठ्या साहेबांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. त्यांचा आवाज सभेतला नव्हता. चारच्या सुमाराला तो थोडा कापत होता.

पाचला दहा कमी असताना माझी डावी पापणी भातावरच्या झाकणासारखी थरथरली आणि उघडली. फटीतून एकच घैसास दिसला. मला इतकं बरं वाटलं की मी ते त्यांना कधी सांगितलं नाही.

साडेसहापर्यंत फुगा निघाला. मी आपला आपण श्वास घेत होतो आणि घोटभर पाणी गिळलं. अध्यक्षांचा माणूस निरोप घेऊन आला होता: सबनीस वाचले असं कळलं, अभिनंदन, तर मग उद्या सकाळी ट्रक ठरल्या वेळी सोडायचा ना?

मुलाणीबाई केसपेपर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. पेशंट बरा झाला होता. दहा कुप्या एकेचाळीसच्या गेल्या होत्या, दहा अडतीसच्या. कशानं काय झालं, हे लिहायचं तेवढं राहिलं होतं.

“काय लिहू, सर?” त्यांनी विचारलं. “दहांनी गुण आला, की विसांनी?”

डॉ. घैसास स्टुलावर बसले होते. त्यांच्या उजव्या पंजाला फोड आला होता, तो ते बघत होते. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दोन मिनिटं असतील. माझ्या आयुष्यातली दुपारीच होऊन गेली होती.

“एकेचाळीसच्या दहांनी काहीही झालं नाही, असं लिहा,” ते म्हणाले. मग त्या माणसाला सांगितलं की ट्रक सोडायचा नाही, खोकी परत आत घ्या.

तो गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

“पण सबनीस, तिसांपैकी तीस. पाचव्या पिंजऱ्यातसुद्धा. तुम्हाला शंका आली नाही?”

“आली होती,” मी म्हणालो. आवाज अजून नाकातूनच येत होता.

“मग?”

“तुम्ही हार मागवला.”

त्यांनी मान डोलावली. नर्सनं तो हार सलाईनच्या स्टँडला अडकवून ठेवला होता. आम्ही दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिलो.

आठवड्यानं एकेचाळिसावी बॅच पुन्हा तपासली. नळ्या मी भरल्या, उंदीर मी टोचले, आणि डॉ. घैसासांनी खोलीच्या दाराला स्वतः कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधली. हौसाबाईंना हुकूम होता की दोन दिवस कशालाही हात लावायचा नाही. पिंजऱ्याला नाही, बाटलीला नाही, भुशाला नाही, खराट्याला तर मुळीच नाही. त्या दोन्ही दिवस दाराबाहेर उकिडव्या बसून होत्या. जेवण त्यांना गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही तिघं आत गेलो. वास दारातच आला. डॉ. घैसासांनी रुमाल काढला नाही. ते एकेका पिंजऱ्यासमोर थांबले, वाकून प्रत्येक उंदीर पाहिला आणि आकडा मोठ्यानं सांगितला. मी लिहीत गेलो. जिथे लेबलाप्रमाणे सहाच्या सहा जगायला हवे होते, तिथे दोन जिवंत होते. पुढच्यात एक. त्यापुढे कुणीच नाही. त्यांची नवी गाळणी विषाचा उताराच गाळून टाकत होती. दोन हजार कुप्यांत बहुतेक नितळ पाणी होतं.

त्या दोनांतला एक उंदीर कोपऱ्यात, डोळे अर्धवट मिटून, मान मागे टाकून बसला होता. तो काय करतोय हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

मी आकड्यांखाली सही केली आणि कागद डॉ. घैसासांपुढे धरला. त्यांनी त्याखाली ‘एकेचाळिसावी बॅच नष्ट करावी’ असं लिहून आपली सही केली. मग चष्मा काढला, आणि त्यांना काहीतरी म्हणायचं आहे असं दिसलं. काहीतरी मोठं असावं, कारण त्यांनी मूठ वळली होती. पुढ्यात टेबल होतं, टेबलावर पिंजरे होते. त्यांनी मूठ हळूच उघडली.

मग मागून हौसाबाईंनी विचारलं, “सायेब, आता तरी झाडून घिऊ का?”